दोन थापा

"एक थाप मारलीस की मी थांबणार. दोन मारल्यास की चालणार. एस्टीच्या कंडक्टरची घंटी असती ना, तसंच धर. इसरू नको."

आनंदराव गाडीला किक मारता मारता एवढं बोलला होता, आणि ते बोलणं फुलाबाईच्या कानात दोन वर्षं जसंच्या तसं राहिलं होतं. तेव्हा तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तो तिला मार्गासनीहून भोंगवलीला पोचवायला निघाला होता. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी बुलेट. पलटणीत डाक पोचवायचं काम करून आलेल्या आनंदरावानं ती खोलून, जोडून पुन्हा रस्त्यावर आणलेली. तिचा आवाज असा, की मागच्यानं कानाशी ओरडलं तरी पुढच्याला ऐकू जायचं नाही. फुलाबाईचा आवाज तर मुळातच एवढा हलका, की चुलीपुढं ती काही म्हणाली तर सासू दोनदा "आं?" करायची. म्हणून ही थापांची युक्ती.

फुलाबाईनं मान हलवली होती. एस्टीत ती उभ्या जन्मात चार वेळा बसली असेल, तीही गर्दीत, गाठोडं मांडीवर घेऊन. घंटी थांबायला किती वाजते आणि सुटायला किती, हे तिनं कधी मोजलं नव्हतं.

चेलाडीचा फाटा ओलांडला आणि ओटीपोटातून कळ निघाली. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात मारला. कळ आलेलं माणूस एकदा हात मारून थांबतं थोडंच. हात पडला, उचलला, पुन्हा पडला. गाडी थांबली नाही, उलट जोरात निघाली. तिनं पुन्हा मारल्या, पुन्हा दोनच पडल्या. कापूरव्होळला पोचेपर्यंत तिची शुद्ध निम्मी गेली होती. तिथनं त्यानं गाडी भोरच्या दवाखान्याकडं वळवली. पोरगी झाली. दिवेलागणीपर्यंत तिनं श्वास घेतला, पुढं घेतला नाही.

घरी आणल्यावर फुलाबाईला ताप भरला. सासू धोंडाबाई उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. तिनं नातवंडासाठी आधीच पाळणा टांगून ठेवलेला, तो डोळ्यांसमोर होता. ती म्हणाली, "एवढं दुखत हुतं, तर त्याला सांगितलं का न्हाईस, बाई?"

फुलाबाईच्या तोंडून तापात निघालं, "मारली... म्या थाप मारली, आत्याबाई."

धोंडाबाईचा पट्टी पिळणारा हात थांबला. तिला थाप ठाऊक होती ती एकच, तोंडानं मारायची. तिच्या डोक्यात सगळं जुळून आलं. दुखतंय असं सांगितलं तर नवरा माघारी फिरवील, माहेर चुकेल, म्हणून हिनं काही होत नाही अशी थाप मारली. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. दोन दिवसांत ते वस्तीभर झालं. धुण्यावर, दळणाला, कुणाच्या बारशाला, कुठंही फुलाबाई गेली की बायका थोड्या बाजूला सरकायच्या. कुणी काही विचारलं आणि तिनं उत्तर दिलं, तर शेजारची साळूबाई हसून म्हणायची, "खरं सांगतीस न्हवं, का आपली थाप?"

थट्टाच ती. पण रोज पहाटे अंघोळ करून बुद्धाच्या तसबिरीपुढं पंचशील म्हणणाऱ्या, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून उपोसथाचा उपास धरणाऱ्या बाईला ती थट्टा जेवणात खडा लागावा तशी लागायची. चौथं शील म्हणजे खोटं बोलणार नाही. ते म्हणताना तिला घास अडकल्यासारखं व्हायचं. ती खोटं बोललेली नव्हती. पण खरं तरी तिनं कुठं सांगितलं होतं? सांगायचं तर सुरुवातच त्या शब्दापासून करावी लागायची. आणि शेवटी चूक कुणाची? एक मारायची होती, तिनं दोन मारल्या. हे ज्याला सांगायचं तो तापाच्या त्या दिवशी दाराशीच उभा होता. सासूचं बोलणं त्यानं ऐकलं होतं आणि तो बाहेर निघून गेला होता. त्यालाही तसंच वाटतं, असं तिनं धरलं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. आठवा लागला होता.

वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्स कमळाबाई तपासून झाल्यावर आनंदरावाला म्हणाल्या, "हे बघा, नववा लागला की हिला भोरात नेऊन ठेवा. माझ्याच्यानं हिचं बाळंतपण इथं होणार नाही, पोरगं आडवं आहे. पण त्याच्या आधी अंगावरून जायला लागलं, तर एस्टीची वाट बघू नका, बैलगाडी जुंपत बसू नका. दोन-तीन तासांत पोचली नाही, तर दोघंही जातील."

"मग फटफटीवरनं नेऊ?"

"दुसरं काही नसलं तर फटफटीवरनं. पण एकेक दणका तिला बाधणार. कुठं हळू, कुठं जोरात, ते तिनंच सांगायला पाहिजे. मागचीला बोलता आलं पाहिजे आणि पुढच्याला ऐकू आलं पाहिजे. गेल्या वेळेसारखं नको."

गेल्या वेळेसारखं नको.

दुसऱ्या दिवसापासून तो त्याच्याच मागं लागला. शेतावरची इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं काम, पण चार गावांची इंजिनं बंद पडून राहिली आणि हा अंगणात बुलेटपुढं बसलेला. आधी त्यानं सायकलची घंटी आणली. हँडलला बसवली, तिला दोरी बांधून मागच्या सीटपर्यंत आणली.

"एकदा वढलीस की..."

"नको," फुलाबाई म्हणाली.

"आगं, ऐकून तर घे."

"मोजायचं काय बी नको मला. थांबा म्हणायचं आसंल तर थांबाच म्हणता आलं पायजे."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मान खाली घालून घंटी सोडवायला लागला. का नको, हे त्यानं विचारलं नाही.

मग रबरी नळी. घासलेटच्या पिंपाची, दोन हात लांब, एका टोकाला पत्र्याचं नरसाळं. फुलाबाईनं मागं बसून नरसाळ्यात बोलायचं, दुसरं टोक त्याच्या कानात. गाडी उभी असताना फार छान ऐकू आलं. गाडी पळायला लागल्यावर सगळा वारा नरसाळ्यात शिरला. खळ्याला फेरी मारून तो परत आला, तेव्हा कान चोळत म्हणाला, "काय म्हणत हुतीस?"

"थांबा म्हणत हुते. चारदा."

"मला नुसतं बा, बा ऐकू आलं. वाटलं माझा बा हाक मारतुया वरनं."

धोंडाबाई सुपात तांदूळ घेऊन पायरीवर बसली होती. "नवरा-बायकूनं बोलायला नळी लागती व्हय? आमचं आख्खं आयुष्य गेलं, तुझ्या बापाशी चार शब्द बोलले असंन. काय अडलं न्हाई." मग तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "आन् जिला खरं सांगायचंच न्हाई, तिला नळी देऊन काय हुणार हाय."

फुलाबाई घासलेटचा वास लागलेलं तोंड धुवायला मोरीकडं गेली. आनंदराव नळीकडं बघत उभा राहिला.

शेवटी तो भोरला ज्ञानूकडं गेला. ज्ञानू त्याच्याच पलटणीतला, आता तिथल्या चौपाटीच्या चौकात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला. पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्कराचं भंगार आणायची त्याला खोड. तिसऱ्या दिवशी ज्ञानू स्वतः मार्गासनीला आला. पिशवीतून त्यानं दोन वस्तू काढून चटईवर ठेवल्या. एक कानावर घालायचे हेडफोन, चामड्याच्या गाद्यांचे. दुसरा एक रुंद पट्टा, त्यावर बुंदीच्या लाडवाएवढ्या दोन काळ्या चकत्या.

"रणगाड्यात ही वापरत्यात," तो म्हणाला. "ह्यो गळ्याचा माईक. तोंडाफुडं धरायचाच न्हाई. चकत्या नरड्याच्या दोन्ही बाजूला बसवायच्या. त्यो वारा ऐकत न्हाई, इंजान ऐकत न्हाई, फकस्त नरडं ऐकतो. मधी दोन सेल आन् हे बटाण."

"आन् माझं बोलणं हिला?" आनंदरावानं विचारलं.

"सेट एकच चांगला मिळाला, गड्या. दुसऱ्याच्या चकत्या फुटल्याल्या. तवा बोलायचं वयनींनी, ऐकायचं तू. बऱ्याच घरांत आसंच आसतंय, तुझ्या ध्यानात आलं नसंल."

फुलाबाई पदराआड हसली. बऱ्याच दिवसांनी.

पट्टा बांधताना डोरल्याचे मणी चकतीखाली आले आणि आनंदरावाच्या कानात कडकड वाजले. तो म्हणाला, "हे काढ."

"काढायचं न्हाई," धोंडाबाई आतून म्हणाली. "यंत्रापायी गळा मोकळा करती व्हय कुणी?" मग तिनंच बाहेर येऊन डोरलं फिरवून पाठीमागं टाकलं, केसाखाली दोऱ्यानं बांधलं, आणि सुनेच्या गळ्याला तो काळा पट्टा नीट बसवून दिला. बोलायला फटकळ, पण हाताला मऊ होती ती.

"वयनी, आता ओरडू नगा," ज्ञानू म्हणाला. "घरात बोलता तसंच."

फुलाबाई पायरीवर बसून, घरात बोलायची तसं बोलली. आनंदराव गाडी चालू करून खळ्याच्या पार पलीकडं गेला होता, मागं जोडलेली लांब तार धरून ज्ञानू पळतोय. तिथनं त्यानं हात वर केला. आल्यावर म्हणाला, "ताक ठिवलंय, ज्ञानूभावजींना द्या, आसं म्हणालीस."

तिनं तसंच म्हटलं होतं. जन्मभर जिला लोक "आं?" करत आले, तिचा आवाज पहिल्यांदा कुणीतरी एका झटक्यात ऐकला होता.

मग रोज सराव. ऐकू आलं की त्यानं डावा हात वर करायचा, एवढंच त्याचं उत्तर. शब्द घोगरे व्हायचे. "डावं" आणि "जावं" एकसारखं वाजायचं, म्हणून ते टाकले. "हळू", "खड्डा", "थांबा", "चला" हे नीट लागायचे. एकदा पहाटे तिनं पट्टा गळ्यात तसाच ठेवून वंदना म्हटली. बटण चालू राहिलं होतं. तो अंगणात हेडफोन घालून तारेची जोडणी तपासत होता. ती बाहेर आली तेव्हा म्हणाला, "चौथ्याला तू थांबतीस."

तिनं पाठीमागचं डोरलं पुढं ओढून घेतलं.

"आवंढा गिळतीस. ऐकू आला मला."

"ह्ये लई ऐकतंय," ती म्हणाली, आणि बटण बंद केलं.

कळा आल्या त्या मार्गशीर्षात, नववा लागायला आठ दिवस असताना. सकाळचे दहा वाजले असतील. आधी नुसती कंबर धरली. मग मोरीत उभी असताना पायांवरून रक्ताचा ओघळ आला. तिनं हाक मारली ती सासूला. धोंडाबाईनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. सकाळची एस्टी गेली होती. कमळाबाईंच्या दवाखान्यातली जीप पुण्याला गेली होती, हे काल साळूबाईच सांगत होती.

आनंदरावानं भाताच्या काडाचं पोतं सीटला बांधलं. तिला एका अंगानं बसवलं, चादरीनं आपल्या कमरेशी बांधलं. साळूबाईनं दोन लुगड्यांच्या घड्या करून खाली दिल्या, आणि या वेळी तिनं थट्टा केली नाही. धोंडाबाई पट्टा बांधायला आली.

"ह्या बारीला तरी खरं सांग त्याला, बाई," ती म्हणाली. "दुखलं तर दुखतंय म्हण. माझी नात तशीच गेली."

फुलाबाईला त्या घटकेला रक्ताची भीती नव्हती वाटली एवढी त्या बोलण्याची वाटली. तिनं मान हलवली. गाडी निघाली.

पहिला कोसभर ती शहाण्यासारखं बोलत होती. "खड्डा. हळू. आता चला." प्रत्येक शब्दाला त्याचा डावा हात वर जायचा. दोन्हीकडं कापलेल्या भाताची खाचरं, वाळलेली धसकटं, गुंजवणीचं पाणी मधूनच दिसायचं. तिला ते सगळं लांबचं वाटत होतं. लुगड्याची घडी ओली होत होती, हे तिला कळत होतं. सांगू का नको? सांगितलं तर हा गाडी पळवील आणि दणके बसतील. नाही सांगितलं तर ती सासू म्हणते तशी थाप होईल.

"रगत जातंय," तिनं सांगितलं. "थोडं थोडं. पळवू नका."

हात वर गेला. बराच वेळ वर राहिला. गाडी पळाली नाही.

तिला नवल वाटलं. एवढंच करायचं होतं. एवढं दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं तर.

नसरापूर मागं पडलं. पुढं चेलाडीचा फाटा आला आणि गाडी मोठ्या सडकेला लागली. तिनं रस्ता ओळखला. डाव्या हाताची ती बाभूळ, पुढचा ओढ्यावरच्या मोरीचा कठडा. त्यानंही ओळखलं असावं, कारण कुठं खड्डा नसताना गाडी हळू झाली. आणि कळ आली. दाबून धरली तरी घशातून आवाज निघालाच, आणि तो त्याच्या कानात गेलाच असणार, कारण त्याची पाठ ताठ झाली. कळ ओसरली, तेव्हा तिला वाटलं, आता नाही बोललो तर कदाचित पुढं बोलायला आपण नसूच.

"आयकताय न्हवं?"

हात वर.

"त्या दिशी हितं म्या थापा मारल्या हुत्या. तुमच्या पाठीवर. दुखत हुतं म्हणून. एकच मारायची हुती, पण दोन पडल्या, मागनं आणीक दोन पडल्या. चूक माझीच झाली, मला मोजता आलं न्हाई. पण आत्याबाईस्नी तापात म्या त्येच सांगत हुते. पाठीवरची थाप. त्यांनी तोंडाची समजली." ती दम घ्यायला थांबली. "म्या तुमाला खोटं कवाच सांगितलं न्हाई. एवढं तुमाला म्हाईत पायजे. पोरीच्या बापाला म्हाईत पायजे."

हात वर गेला नाही.

गाडी हळू होत होत कडेला उभी राहिली. त्यानं इंजिन बंद केलं नाही, मागंही बघितलं नाही. हेडफोन एका कानावरून बाजूला सारले. इंजिन धडधडत होतं, त्यावरून तो मोठ्यानं बोलला, समोरच्या रस्त्याकडं बघत.

"दोन पडल्या मला कळल्या हुत्या. माझी पाठ काय दगडाची न्हाई. पयल्या दोन पडल्या तवा वाटलं, चल म्हणतीस. चाललो. दुसऱ्या पडल्या तवा शंका आली. म्हणलं, चल म्हणाया एवढ्या घाईनं कशाला मारंल? पण गाडी झ्याक पळत हुती, रस्ता मोकळा हुता. न्हाई थांबलो."

फुलाबाईनं चादरीची गाठ मुठीत धरली.

"आन् आई तसं म्हणाली तवा मी दाराशीच हुतो. मला ठावं हुतं तू कुठली थाप म्हणतीस. गप बसलो. तुझ्या नावावर गेलं, ते बरंच पडलं मला."

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण रागाला जोर लागतो, आणि तिच्यात तो उरला नव्हता. तिला फक्त एवढंच समजलं, की दोन वर्षं रोज पहाटे ती चौथ्या शिलापाशी अडखळायची, आणि पलीकडच्या खाटेवर तो जागा असायचा.

"मग आत्याबाईस्नी तुमी सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ती आणीक एक थाप हुईल."

"सांगतो."

"कवा?"

"तू मोकळी झालीस की. दुसऱ्या कुठल्या बी कामाच्या आधी. आईला सांगतो आन् वस्तीला सांगतो."

"लेकरू ऱ्हावो न ऱ्हावो?"

त्यानं पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

"ऱ्हावो न ऱ्हावो."

"चला आता," ती म्हणाली.

त्यानं हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर बसवले.

कापूरव्होळनंतर शब्द संपले. कळा एकीला एक लागून यायला लागल्या. "हळू" म्हणायला तोंड उघडावं, तर नुसता हुंकार निघायचा. पण तिच्या ध्यानात आलं, की न सांगताच गाडी हळू होतेय. कळ चढायला लागली, श्वास आखूड झाला, की त्याच्या हातातली मूठ सैल व्हायची. श्वास मोकळा झाला की गाडी पुढं जायची. तो शब्द ऐकतच नव्हता आता. तिचं नरडं ऐकत होता.

मग तेही थांबायला लागलं. थंडी वाजत होती, आणि ती थंडी चांगली वाटत होती. झोप येत होती. लुगड्याच्या घड्या पार भिजून पोत्यातल्या काडाला ओल लागली होती, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं. तिनं गाल त्याच्या पाठीवर टाकला आणि डोळे मिटले.

पाठीत काहीतरी घुमत होतं. इंजिनाचं नव्हे, वेगळं. तिनं कान दाबून धरला. त्याचा आवाज होता. हाडामांसातनं येणारा, विहिरीतनं यावा तसा.

"बोल. फुले, बोल. काय तर बोल. शिव्या दे मला. फुले, बोल की."

त्याच्या कानात आता काहीच जात नसेल, हे तिला तेव्हा कळलं. नुसती खरखर. तिला वाटलं, दोन वर्षांपूर्वी आपण पाठीवर मारत होतो आणि पुढं कुणी ऐकत नव्हतं, ते असंच असणार. हे कुणाच्या वाट्याला येऊ नये. तिला नवीन काही सुचत नव्हतं. रोजचं होतं तेच ओठांवर आलं. ती वंदनेतली शरणं म्हणायला लागली. ओठ हलतायत की नाही हेसुद्धा कळत नव्हतं, पण तो माईक ओठांकडं बघणारा नव्हता.

डावा हात वर गेला.

ती म्हणत राहिली. मग शीलं. एक, दोन, तीन. चौथ्याला ती थांबली नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा झालं, ते तिनं मोजलं नाही. उत्रोलीची खाचरं गेली असतील, भोरचा पूल गेला असेल. मग कुणीतरी चादरीच्या गाठी कापत होतं, आणि एक बाई ओरडत होती, "स्ट्रेचर आणा, आधी हिच्या गळ्यातलं ते काय आहे ते काढा."

पोरगी झाली, तिसऱ्या प्रहरी. पोट कापून काढावी लागली. चार पौंडांपेक्षा थोडी कमीच. रडायला तिनं एवढा वेळ लावला, की डॉक्टरीणबाईंनी पायाला धरून उलटी केली, तेव्हा कुठं मांजरासारखा आवाज आला. कापसात गुंडाळून, दोन्हीकडं गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून तिला आईशेजारी निजवलं. ज्ञानूच्या अंगातलं बाटलीभर रक्त फुलाबाईच्या अंगात गेलं. ज्ञानू दंड धरून बाहेर येत म्हणाला, "वयनी आता जरा मोठ्यानं बोलतील."

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "आई वाचेल," त्या आनंदरावाला म्हणाल्या. "पोरीचं आत्ताच सांगत नाही. तीन दिवस काढले तर मग बोलू."

रात्री भोंगवलीहून फुलाबाईची आई, अक्काबाई, आली आणि खाटेपाशी मांडी घालून बसली ती बसलीच.

सकाळी फुलाबाईला जाग आली, तेव्हा खिडकीत कोवळं ऊन आलं होतं. अक्काबाई कापसाची वात दुधात बुडवून पोरीच्या ओठाला लावत होती. पोरगी कधी ओढत होती, कधी तशीच पडून राहत होती. आनंदराव खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं नळावर तोंड धुतलं होतं, केसांवर पाणी होतं. सदऱ्यावर कालचे डाग तसेच होते.

"आई दुपारच्या एस्टीनं हितं यायला निघंल," तो म्हणाला. "त्याच्या आधी मला घरी पोचलं पायजे. वस्ती कामाला जायच्या आत."

"आत्ता?" अक्काबाईनं वर बघितलं. "पोरीचं हे आसं आन् तुमी कुठं निघालात, जावईबापू? निरोप धाडा की कुणासंगं."

"निरोपाचं काम न्हाई, मामी."

अक्काबाईनं लेकीकडं बघितलं. ही काहीतरी म्हणेल, अडवील, असं तिला वाटलं. काल रस्त्यात कबूल केलेलं सांगायला तो निघालाय, हे फुलाबाईला कळत होतं, तरी तिलाही अडवावंसं वाटत होतं. पोरीचा श्वास कापसातून दिसत होता, चालायचा, थबकायचा, पुन्हा चालायचा. तो येईपर्यंत हे असंच चालू असेल, याची कुणी हमी देत नव्हतं. तो गेला नाही, दोन दिवसांनी गेला, तर त्याला कुणी नावं ठेवणार नव्हतं. त्यालाही ते ठाऊक होतं.

तो पुढं आला, वाकला. एक बोट कापसात घालून पोरीच्या तळव्याला लावलं. मग ते काढून घेतलं.

"ऊन चढायच्या आत येतो," तो म्हणाला.

फुलाबाईनं डोळ्यांनीच बरं म्हटलं.

खिडकीतून आवार दिसत होतं. बुलेटच्या सीटवरचं पोतं त्यानं सोडून टाकलं होतं. दवाखान्यातल्या बायका अजून झोपल्या होत्या, म्हणून त्यानं गाडी चालू केली नाही. स्टँडवरून काढली, हँडल धरलं, आणि तेवढं जड धूड एकट्यानं ढकलत तो फाटकाकडं चालू लागला.